जनुकीय संसाधने, त्यांचा लाभ आणि आपल्या गावाची समिती

२०२५ मध्ये महाराष्ट्रातील दोन गावांविषयी एक बातमी आली आणि फारशी चर्चा न होता मागे पडली. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यातील साखरवाडी आणि पुणे जिल्ह्यातील हवेली तालुक्यातील कुंजीरवाडी या दोन गावांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने प्रत्येकी ४५ लाख ५० हजार रुपये दिले. उत्तर प्रदेशातील कासगंज परिसरातील समितीलाही तेवढीच रक्कम मिळाली. एका कंपनीने या ठिकाणची माती आणि कारखान्याचे सांडपाणी यांचे नमुने घेतले, त्यातील सूक्ष्मजीव वेगळे केले आणि त्यांच्या मदतीने खाद्यपदार्थांत वापरला जाणारा एक शर्करेचा प्रकार तयार केला. त्या धंद्यातील नफ्याचा कायद्याने ठरलेला वाटा म्हणून ही रक्कम त्या गावांकडे आली.

गावच्या मातीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंसाठी गावाला अर्धा कोटीच्या आसपास पैसे मिळू शकतात, हे आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? आणि आपल्या गावात उद्या अशी रक्कम आली, तर ती कोणत्या समितीच्या खात्यात जाईल, त्या समितीवर कोण बसले आहे, तिथे आपल्या वस्तीतील कोणी आहे का, याचे उत्तर आपल्याकडे आहे का? या लेखात हा कायदा काय आहे, तो कुठून आला, त्यात काय बदलले आणि गावपातळीवर त्याचे काय होते, याची माहिती एकत्र दिली आहे.

जनुकीय संसाधन म्हणजे काय?

वनस्पती, प्राणी, बुरशी, जिवाणू अशा प्रत्येक सजीवात जनुके असतात. त्या जनुकांमुळे एखादे भाताचे वाण कमी पावसात तग धरते, एखाद्या झाडाच्या सालीत ताप उतरवणारे द्रव्य तयार होते, एखादा जिवाणू साखरेचे रूप बदलतो. असा आनुवंशिक गुणधर्म असलेले आणि माणसाला आज किंवा उद्या उपयोगी पडू शकणारे साहित्य म्हणजे जनुकीय संसाधन. बी, कंद, कलम, पानाचा तुकडा, मातीचा नमुना, जनावराचे रक्त या सगळ्यात ते असते. आपला कायदा त्याहून व्यापक असा ‘जैविक संसाधन’ हा शब्द वापरतो.

या संसाधनाला जोडून आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे त्याच्या वापराचे ज्ञान. कोणता पाला जखमेवर बांधायचा, कोणती रानभाजी कोणत्या महिन्यात खायची आणि कोणती दोनदा उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, कोणते बियाणे कोणत्या जमिनीत टाकायचे, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या वापरातून तयार झालेले असते. जंगलात हजारो वनस्पती असतात. त्यातली नेमकी कोणती तपासायची हे प्रयोगशाळेला सांगणारा माणूस बहुतेक वेळा गावातला असतो. त्याच्या त्या एका वाक्याने संशोधकाची अनेक वर्षे वाचतात. म्हणून प्रश्न दोन आहेत. संसाधन घ्यायला परवानगी कोणाची? आणि त्यातून मिळालेल्या लाभात वाटा कोणाचा?

हळदीपासून नागोयापर्यंत

विसाव्या शतकात बराच काळ जनुकीय संसाधने ही साऱ्या मानवजातीचा ठेवा आहेत, असे मानले जात होते. ऐकायला हे चांगले वाटते. प्रत्यक्षात गरीब देशांतून बियाणे आणि वनस्पती फुकट जात होत्या आणि श्रीमंत देशांतून त्यांच्यापासून बनलेली औषधे आणि वाणे पेटंट लावून परत येत होती.

या व्यवहाराला वळण देणारा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे जैवविविधता करार. १९९२ मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरो येथील वसुंधरा परिषदेत तो सह्यांसाठी खुला झाला आणि २९ डिसेंबर १९९३ पासून अमलात आला. भारताने १९९४ मध्ये त्याला मान्यता दिली. या कराराने तीन तत्त्वे मांडली. पहिले, प्रत्येक देशाचा आपल्या जैविक संसाधनांवर सार्वभौम हक्क आहे. दुसरे, संसाधन घेण्याआधी पूर्ण माहिती देऊन संमती घेतली पाहिजे. तिसरे, दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या अटींवर लाभाचे न्याय्य वाटप झाले पाहिजे. स्थानिक आणि आदिवासी समूहांच्या ज्ञानाचा मान राखावा, असे कराराच्या कलम ८ (जे) मध्ये म्हटले आहे.

करार झाला तरी प्रकार थांबले नाहीत. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळाले. आपल्या प्रत्येक घरात आजीला माहीत असलेली ही गोष्ट. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने त्या पेटंटला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. कडुनिंबावर आधारित बुरशीनाशकाचे युरोपीय पेटंटही दीर्घ लढाईनंतर २००५ मध्ये कायमचे रद्द झाले.

हळदीच्या लढाईतील एक बाब आपण नीट समजून घेतली पाहिजे. पेटंट कार्यालयासमोर ‘आमच्या घरात वापरतात’ एवढे सांगून भागले नाही. जुने ग्रंथ आणि छापील संशोधन निबंध पुरावा म्हणून द्यावे लागले. हळद जिंकली, कारण तिचा उपयोग कुठेतरी लिहून ठेवलेला होता. याच अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे करण्याचे काम सुरू झाले. तेही प्रामुख्याने आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथबद्ध परंपरांवर आधारलेले आहे. मग ज्यांना शेकडो वर्षे लिहिण्या-वाचण्याचा अधिकारच नव्हता, त्यांच्या ज्ञानाचा पुरावा कुठून आणायचा? हा प्रश्न पुढेही येणार आहे.

जैवविविधता करारातील लाभवाटपाचा भाग अधिक स्पष्ट करण्यासाठी २९ ऑक्टोबर २०१० रोजी जपानमधील नागोया येथे एक पूरक करार झाला. तो नागोया प्रोटोकॉल म्हणून ओळखला जातो. भारताने २०१२ मध्ये त्याला मान्यता दिली आणि १२ ऑक्टोबर २०१४ पासून तो अमलात आला.

भारताचा कायदा आणि त्याच्या तीन पायऱ्या

संसदेने २००२ मध्ये जैविक विविधता कायदा केला. त्याची रचना तीन पायऱ्यांची आहे. सर्वात वर चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण. मध्ये राज्य जैवविविधता मंडळ. महाराष्ट्राचे मंडळ २०१२ मध्ये स्थापन झाले असून त्याचे कार्यालय नागपूरला आहे. सर्वात खाली प्रत्येक ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या पातळीवरची जैवविविधता व्यवस्थापन समिती.

परवानगीचे नियम वापरणाऱ्यानुसार बदलतात.

१. परदेशी व्यक्ती, परदेशी कंपनी किंवा परदेशी नियंत्रणाखालील कंपनी यांना संशोधनासाठी किंवा धंद्यासाठी जैविक संसाधन घ्यायचे असेल तर राष्ट्रीय प्राधिकरणाची आगाऊ मान्यता लागते.

२. भारतीय कंपनीला व्यापारी वापरासाठी राज्य मंडळाला आगाऊ कळवावे लागते. संवर्धनाला धोका असेल तर मंडळ स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून त्या वापरावर निर्बंध घालू शकते.

३. संशोधनावर पेटंट घ्यायचे असेल तर देशी-परदेशी सर्वांनाच प्राधिकरणाकडे जावे लागते. परदेशी अर्जदाराला मान्यता, तर भारतीय अर्जदाराला नोंदणी आवश्यक आहे.

४. गावातील लोक, शेतकरी, पशुपालक, वैदू आणि हकीम यांना स्वतःच्या नेहमीच्या वापरासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. ‘हा कायदा आला, आता पाला तोडला तरी पकडतील’ अशी भीती काही ठिकाणी घातली जाते. ती चुकीची आहे.

५. नेहमीच्या व्यापारातील वस्तूंची केंद्र सरकारने वेगळी यादी केली आहे. त्या वस्तू म्हणूनच विकल्या जात असतील तर त्यांना हा कायदा लागू होत नाही. म्हणजे बाजारात ज्वारी किंवा मिरची विकणाऱ्या शेतकऱ्याचा याच्याशी संबंध येत नाही.

लाभवाटप म्हणजे नेहमी रोख पैसेच असे नाही. पेटंटची संयुक्त मालकी, तंत्रज्ञान देणे, त्या भागात उत्पादन केंद्र काढणे, स्थानिक लोकांना संशोधनात सहभागी करून घेणे असेही प्रकार कायद्यात आहेत. रोख रकमेचे प्रमाण नियमांनी ठरते. २०२५ च्या नियमावलीनुसार वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपर्यंत असेल तर सूट आहे. त्यापुढे उलाढालीच्या टप्प्यानुसार विक्री किमतीच्या ०.२ ते ०.६ टक्के वाटा द्यावा लागतो. रक्तचंदन, चंदन यांसारख्या मोठ्या किमतीच्या संसाधनांसाठी दर जास्त आहे.

ही रक्कम कोणाला मिळते? संसाधन एखाद्या विशिष्ट व्यक्तीकडून किंवा गटाकडून घेतले असेल तर थेट त्यांना. आंध्र प्रदेशात रक्तचंदन लावणाऱ्या शेतकऱ्यांना असा वाटा मिळाला आहे. तसे ठरवता येत नसेल तर रक्कम समितीकडे, म्हणजे स्थानिक जैवविविधता निधीत जाते. तिथून ती संवर्धनासाठी आणि गावसमूहाच्या हितासाठी वापरायची असते. साखरवाडी आणि कुंजीरवाडीचे पैसे या मार्गाने आले.

याशिवाय कलम ४१ नुसार समितीला स्वतःचे दोन अधिकार आहेत. गावातील संसाधन किंवा ज्ञान यांबाबत निर्णय घेताना प्राधिकरण आणि मंडळाने समितीशी सल्लामसलत केली पाहिजे. आणि व्यापारी हेतूने गावहद्दीतून संसाधन गोळा करणाऱ्यावर समिती शुल्क लावू शकते.

काणी समाजाचा धडा

लाभवाटपाचे भारतातील सर्वात गाजलेले उदाहरण केरळमधील काणी आदिवासींचे आहे. १९८७ मध्ये काही शास्त्रज्ञ अगस्त्यमलाई डोंगरात वनस्पतींचा शोध घेत फिरत होते. सोबत वाट दाखवणारे काणी तरुण होते. शास्त्रज्ञ दमले, पण ते तरुण मधूनमधून एक फळ खात आणि ताजेतवाने राहत. हे काय आहे, असे विचारल्यावर त्यांनी सुरुवातीला सांगायचे टाळले आणि नंतर ती वनस्पती दाखवली. तिचे नाव आरोग्यपच्चा.

तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिच्यापासून ‘जीवनी’ नावाचे शक्तिवर्धक औषध विकसित केले. कोइंबतूरच्या एका आयुर्वेदिक कंपनीला सात वर्षांसाठी उत्पादनाचा परवाना दिला. त्यापोटी १० लाख रुपये शुल्क आणि विक्रीवर २ टक्के मानधन ठरले. यातील निम्मा वाटा काणी समाजाला देण्याचा निर्णय संस्थेने घेतला. तेव्हा भारतात असा कोणताही कायदा नव्हता. १९९७ मध्ये काणी समाजाचा एक विश्वस्त निधी नोंदवला गेला आणि पैसे त्यात गेले.

हे उदाहरण जगभर कौतुकाने सांगितले जाते. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्ञान घेताना काणी समाजाची सामूहिक संमती घेतली गेली नव्हती. ज्या तरुणांनी वनस्पती दाखवली ते एका भागातले होते, आणि काणी वस्त्या अनेक भागांत पसरलेल्या आहेत. इतर वस्त्यांतील लोकांना आणि समाजातील परंपरेने औषध देणाऱ्या जाणत्यांना आपल्याला विचारले नाही असे वाटले. वनस्पतीची लागवड आणि विक्री करून काणी कुटुंबांना उत्पन्न मिळावे अशी कल्पना होती, पण वनखात्याच्या निर्बंधांमुळे तीही अडखळली.

समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात एक गोष्ट ठळक दिसते. ‘समूह’ हा शब्द कागदावर एकसंध असतो, जमिनीवर नसतो. लाभ ‘काणी समाजाला’ मिळाला म्हणताना त्यातील कोणाला, हे विचारावेच लागते. महाराष्ट्रातील गावाबद्दल तर हे अधिकच खरे आहे. आपले गाव म्हणजे गावठाण, वस्त्या, तांडा, पारधी पाल, आदिवासी पाडा यांची बेरीज आहे. ‘गावाला पैसे मिळाले’ या वाक्यातला गाव कोणता?

कंपन्या देशी असल्या तर?

कायदा आल्यावर अनेक भारतीय कंपन्यांचे म्हणणे होते की लाभवाटप फक्त परदेशी कंपन्यांनी करायचे आहे, आम्हाला तो नियम लागू नाही. उत्तराखंड राज्य जैवविविधता मंडळाने हरिद्वारच्या दिव्य फार्मसीकडे सुमारे दोन कोटी रुपयांचा लाभवाटा मागितला, तेव्हा हाच युक्तिवाद करत कंपनी उच्च न्यायालयात गेली. २१ डिसेंबर २०१८ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी कंपनीची याचिका फेटाळली. रिओ आणि नागोया करारांचा हेतू स्थानिक समूहांचे हक्क जपण्याचा आहे. त्या समूहांच्या दृष्टीने संसाधन नेणारा देशी की परदेशी याने फरक पडत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. वरवर तांत्रिक वाटणारा हा निकाल या कायद्याच्या इतिहासातील मोठा टप्पा आहे.

२०२३ ची दुरुस्ती: कोणाला सूट, कोणाचे नुकसान?

या निकालानंतर आयुर्वेद उद्योगाकडून कायदा सौम्य करण्याची मागणी वाढली. २०२३ मध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. तिच्यातील तीन बदल आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला बदल शिक्षेचा. पूर्वी काही उल्लंघनांसाठी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद होती. ती काढून आता फक्त १ लाख ते ५० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. उल्लंघन चालूच राहिले तर आणखी १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. शेकडो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीला ही रक्कम किती जाचेल, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरा बदल लागवडीच्या औषधी वनस्पतींचा. शेतात लावलेल्या औषधी वनस्पतींना लाभवाटपातून सूट मिळाली आहे. शेतकऱ्याला प्रोत्साहन आणि जंगलावरचा ताण कमी, हे त्यामागचे कारण चांगले आहे. मात्र माल शेतातला की जंगलातला, याचे प्रमाणपत्र गावाच्या समितीने द्यायचे आहे. समिती जागी नसेल तर जंगलातून ओरबाडलेला मालही शेतातला म्हणून निघून जाईल.

तिसरा बदल सर्वात खोल आहे. ‘संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान’ वापरणाऱ्या भारतीयांना लाभवाटपातून सूट मिळाली. संहिताबद्ध म्हणजे मान्यताप्राप्त ग्रंथांत लिहिलेले. म्हणजे एखाद्या वनस्पतीचा उपयोग आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आहे असे दाखवता आले, की त्या ज्ञानावर कोणाला वाटा देण्याची गरज उरत नाही.

आता विचार करा. ग्रंथ कोणी लिहिले आणि ग्रंथात जे आले ते कोणाकडून आले? जंगलात फिरून वनस्पती ओळखणारे, मुळ्या खणणारे, जनावरांवर उपचार करणारे, बाळंतपण करणाऱ्या सुईणी, गावोगाव फिरणारे वैदू या लोकांना लेखनाचा अधिकार नव्हता. त्यांच्याकडून ऐकलेले ज्ञान कोणी लिहून घेतले असेल तर त्यांचे नाव त्यात राहिलेले नाही. आज कायदा म्हणतो की लिहिलेले ज्ञान सर्वांचे आणि म्हणून फुकट. दुसऱ्या टोकाला, जे ज्ञान अजून फक्त तोंडी आहे त्याच्यावर वाटा मागायचा तर ते आमचे आहे याचा पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे पुन्हा लेखी नोंद. ज्यांना लिहू दिले नाही, त्यांचा वाटा दोन्ही बाजूंनी कमी होतो. जातीने केलेल्या ज्ञानबंदीचा हा आजचा आर्थिक परिणाम आहे. पर्यावरणाच्या चर्चेत तो क्वचितच मांडला जातो. तो आपण मांडला पाहिजे.

समिती कागदावर, नोंदवही कपाटात

लेखी नोंदीसाठी कायद्याने एक साधन दिले आहे, लोक जैवविविधता नोंदवही. गावातील पिके, वाणे, झाडे, रानभाज्या, मासे, पक्षी, जनावरे आणि त्यांच्याविषयीचे लोकांचे ज्ञान यांची नोंद समितीने गावकऱ्यांशी बोलून करायची असते.

कायदा होऊन अनेक वर्षे झाली तरी देशात बहुतेक ठिकाणी समित्याच नव्हत्या. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे याबाबत याचिका गेली. लवादाने २०१९ मध्ये आदेश दिला की ३१ जानेवारी २०२० पर्यंत सर्वत्र समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील. मग सरकारी यंत्रणा धावली. देशात अडीच लाखांहून अधिक समित्या कागदावर आल्या, त्यातील सुमारे २८ हजार महाराष्ट्रात आहेत. जे काम गावाने वर्षभर ऋतू बघत करायचे, ते अनेक ठिकाणी काही आठवड्यांत उरकले गेले.

आमच्या कामातील गावांपैकी एका ग्रामपंचायतीत मी ही नोंदवही बघायला मागितली. थोडी शोधाशोध झाल्यावर ती कपाटातून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली निघाली. आतील वनस्पतींची यादी शेजारच्या गावाच्या यादीशी जवळपास शब्दशः जुळत होती. समितीच्या सदस्यांत आमच्याच वस्तीतील एका ताईंचे नाव होते. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “सही घेतली होती रे, पण कशाची ते नाही सांगितलं.” पावसाळ्यात त्याच ताई पाथरी, कुर्डू, करटोली, तरोटा गोळा करून बाजारात विकतात. कोणती भाजी गायरानात कुठे उगवते हे गावात त्यांच्याइतके कोणाला माहीत नाही. नोंदवहीत रानभाज्यांसाठी जेमतेम एक पान होते.

२००४ च्या केंद्रीय नियमांत समितीच्या सदस्यांपैकी किमान एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे असावेत, असे स्पष्ट म्हटले होते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर समितीत ७ ते ११ सदस्य असतात आणि रचना राज्य सरकारच्या नियमांनी ठरते. म्हणजे आपले प्रतिनिधित्व टिकवायचे असेल तर राज्याच्या नियमांवर लक्ष ठेवावे लागेल. आणि नाव असणे पुरेसे नाही, हे त्या ताईंच्या अनुभवावरून कळतेच.

इतिहास आपल्याला हेच सांगतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह प्रत्यक्ष तळ्यावर जावे लागले. सामायिक संसाधनावरचा हक्क ठरावाने मिळतो, पण तो वापरेपर्यंत आपला होत नाही. जैवविविधता समितीची जागा, तिची नोंदवही आणि तिचा निधी ही आजची अशीच सामायिक संसाधने आहेत. भारतीय संविधानाच्या कलम ३९ (ख) मध्ये समाजाच्या भौतिक संसाधनांची मालकी आणि नियंत्रण यांचे वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावे, असे तत्त्व आहे. लाभवाटपाचा कायदा त्या तत्त्वाचा एक छोटा, पण ठोस भाग आहे.

वनहक्क कायद्याची जोड

जंगलाजवळच्या गावांसाठी २००६ चा वनहक्क कायदा आणखी मजबूत आधार देतो. त्याच्या कलम ३ (१) (ट) मध्ये (इंग्रजी प्रतीत ‘के’) जैवविविधतेपर्यंत पोहोचण्याचा आणि तिच्याशी संबंधित पारंपरिक ज्ञान व बौद्धिक संपदा यांवरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. तो अनुसूचित जमातींप्रमाणेच तीन पिढ्या जंगलावर अवलंबून असलेल्या इतर पारंपरिक वननिवासींनाही आहे, आणि त्यात दलित आणि भटकी कुटुंबेही येऊ शकतात. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. जैवविविधता कायद्यात निर्णय समिती आणि मंडळाकडे झुकतात, वनहक्क कायद्यात ग्रामसभेकडे. दोन्ही हातांत असतील तर गावाची बाजू भक्कम होते.

जनुकांची फाईल आणि नवा प्रश्न

आता कंपनीला बी किंवा पान न्यावेच लागते असे नाही. जनुकांची क्रमवारी संगणकावर उतरवून जगभरच्या माहितीसाठ्यात ठेवली जाते आणि ती कोणीही वापरू शकतो. मग परवानगी कोणाला मागायची? यावर उपाय म्हणून कोलंबियातील काली शहरात २०२४ मध्ये झालेल्या परिषदेत एक जागतिक निधी ठरला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘काली फंड’ नावाने तो सुरू झाला. अशी माहिती वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या १ टक्का किंवा महसुलाच्या ०.१ टक्का रक्कम त्यात द्यावी, आणि निधीचा निदान अर्धा भाग आदिवासी व स्थानिक समूहांच्या गरजांसाठी जावा, अशी अपेक्षा आहे. ही रक्कम देणे कंपन्यांवर सध्या बंधनकारक नाही.

मे २०२४ मध्ये जिनिव्हा येथे आणखी एक आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. जनुकीय संसाधनावर आधारित पेटंट मागताना ते संसाधन कोणत्या देशातून आणि संबंधित ज्ञान कोणत्या समूहाकडून आले, हे अर्जदाराने उघड करावे असे तो सांगतो. समूहाचे नाव सांगायचे तर ते कुठेतरी नोंदलेले हवे. पुन्हा गाडी नोंदवहीपाशीच येते.

आपण काय करू शकतो?

१. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन जैवविविधता समितीच्या सदस्यांची यादी मागा. मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य कोण आहेत, त्यांना ते माहीत आहे का, हे तपासा.

२. लोक जैवविविधता नोंदवहीची प्रत मिळवा. रविवारी विहारात बैठक होते, तिथे ती वाचा. काय सुटले आहे हे वस्तीतील ज्येष्ठ महिला, गुराखी, मासे पकडणारे, वैदू लगेच सांगतील.

३. सुटलेल्या नोंदी लिहून ग्रामसभेत मांडा आणि नोंदवही दुरुस्त करण्याचा ठराव घ्या. माहिती देणाऱ्या व्यक्तीचे आणि समूहाचे नाव त्यांच्या संमतीने लिहा.

४. सगळेच लिहायचे नसते. एखाद्या वैदूला आपल्या औषधाची कृती सांगायची नसेल तर त्यांच्यावर दबाव आणू नका. ‘हे ज्ञान या समूहाकडे आहे, तपशील संमतीशिवाय देऊ नये’ एवढी नोंदही उपयोगी पडते.

५. गावात हिरडा, बेहडा, गुळवेल, शतावरी, बिब्बा कोण खरेदी करते, किती आणि पुढे कोणाला विकते, याची साधी वही ठेवा. समितीला शुल्क लावायचे असेल तर ही माहिती लागते.

६. नमुने घेण्यासाठी कोणी संस्था, कंपनी किंवा विद्यापीठ गावात आले तर त्यांचे पत्र, परवानगी आणि उद्देश लेखी मागा. विज्ञानाला विरोध करण्याचा हेतू नाही. संमती कोणाची घेतली, एवढे कळले पाहिजे.

७. समितीच्या निधीत रक्कम आली असेल तर तिचा हिशेब ग्रामसभेत मागा. ती कोणत्या भागातील कोणत्या कामावर खर्च झाली आणि त्यात वस्त्यांचा वाटा किती, हे इतिवृत्तात येऊ द्या.

कायदा, विज्ञान, समाजकार्य, कृषी शिकणाऱ्या आपल्या तरुणांना या विषयात करिअर आणि चळवळ दोन्हीसाठी जागा आहे. नोंदवह्या नीट तयार करणारे, पेटंटचे अर्ज वाचू शकणारे, लवादापुढे बाजू मांडणारे लोक फार कमी आहेत, आणि त्यात आपले तर बोटावर मोजण्याइतके.

साखरवाडी आणि कुंजीरवाडीला मिळालेल्या रकमेने एवढे सिद्ध केले की या कायद्यातून पैसा खरोखर गावापर्यंत येतो. तो कोणत्या दारापर्यंत पोहोचेल हे मात्र गावाच्या समितीवर ठरते. पुढची ग्रामसभा होईल तेव्हा विषयपत्रिकेत जैवविविधता समितीचा विषय घालण्याचे पत्र आठवडाभर आधी द्या आणि त्या पत्राची पोच घ्या.